हंगामी वाईन आणि व्हिस्की टेस्टिंग : वाईन शॉपमधील निवडीपासून शेवटच्या घोटापर्यंत

ओळखीच्या वाईन शॉपमधून चार-पाच बाटल्या आणायच्या, मित्रमंडळींना बोलवायचे आणि एकेका बाटलीची चव नीट समजून घ्यायची, असा बेत मुंबईत अनेकजण आखतात. परंतु यातील बहुतेक बैठका तिसऱ्या बाटलीपाशीच नेहमीच्या पार्टीत विरघळून जातात. त्याचा दोष सहसा बाटल्यांचा नसतो. रेड वाईन तीस अंशांच्या खोलीत तशीच ओतलेली असते, धुरकट व्हिस्की सर्वांत आधी उघडलेली असते, आणि टेबलावर मसाला शेंगदाण्यांची बशी पहिल्या मिनिटापासून फिरत असते. पुढील टप्पे याच क्रमाने पाळावेत. यातील अर्ध्याहून अधिक काम पाहुणे येण्यापूर्वीचे आहे.

१. आधी जागा, परवाना आणि तारीख

सर्वांत मोठा गैरसमज असा, की टेस्टिंग दुकानातच करता येईल. महाराष्ट्रात वाईन शॉपला जो एफएल-२ परवाना मिळतो तो सीलबंद बाटल्यांच्या विक्रीसाठी असतो. काउंटरवर बाटली उघडून ग्राहकाला घोटभर चाखायला देणे त्यात बसत नाही, त्यामुळे दुकानदाराला तसा आग्रह करून अडचणीत आणू नये. दुकान ही निवडीची आणि सल्ल्याची जागा आहे. चाखणे घरी किंवा परमिट रूममध्ये करायचे. परमिट रूममध्ये बसायचे ठरल्यास तेथील साठ्यातील बाटल्याच घ्याव्या लागतात, हे आधी बोलून ठेवावे. सोसायटीचा हॉल किंवा गच्ची घरासारखी वाटली तरी ते घर नव्हे. अशा ठिकाणी मद्य देण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. आठ-दहा जणांसाठी घराची बैठकीची खोली पुरते, आणि माझ्या मते तीच उत्तम, कारण वास आणि तापमान या दोन्हींवर तेथे आपला ताबा राहतो.

वयाचा नियम या बेतात विशेष महत्त्वाचा आहे. राज्यात वाईनसाठी किमान वय २१ वर्षे आणि व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. म्हणजे तेवीस वर्षांची भाची वाईनच्या फेरीत बसू शकते, व्हिस्कीच्या फेरीत नाही. बोलावण्यापूर्वीच हे स्पष्ट सांगितले, तर ऐन वेळी कोणाला उठवावे लागत नाही. मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परमिट लागते. ते एक दिवसाचे, एक वर्षाचे किंवा आजीवन असते. अनेकांनी ते कधीच काढलेले नसते. टेस्टिंगचे निमित्त साधून ते काढून टाकावे.

तपासणी : ठरवलेली तारीख ड्राय डे तर नाही ना, हे दुकानदाराला विचारावे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस ठरलेले आहेत; निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस, तसेच जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने काही सणांचे दिवस त्यात येतात. खरेदी दोन दिवस आधीच उरकलेली असावी.

२. हंगामानुसार एकच सूत्र निवडणे

‘थोडे सगळेच चाखू’ हा बेत हमखास फसतो. एका बैठकीत एकच प्रश्न ठेवावा : एकाच द्राक्षाच्या तीन वाइनरींच्या वाईन, किंवा धूर नसलेल्या व्हिस्कीपासून धुरकट व्हिस्कीपर्यंतचा प्रवास. वाईन आणि व्हिस्की यांच्या बैठका शक्यतो वेगवेगळ्या दिवशी ठेवाव्यात. एकाच संध्याकाळी दोन्ही ठेवायचेच असेल तर तीन वाईन आधी, मग अर्ध्या तासाचे जेवण, आणि नंतर दोनच व्हिस्की. उलटा क्रम कधीही नको. व्हिस्कीनंतर शेनिन ब्लांसारखी हलकी वाईन पाण्यासारखी लागते.

मुंबईत हंगाम तीन धरावेत. मार्च ते मे या काळात स्पार्कलिंग म्हणजे फेसाळ वाईन, शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यो ब्लां या व्हाइट वाईन, आणि रोझे म्हणजे गुलाबी वाईन. पावसाळ्यात मध्यम अंगाची रेड वाईन किंवा धुरकट व्हिस्की. डिसेंबर ते फेब्रुवारीत शिराझ, काबेर्ने सोव्हिन्यो या जड रेड, तसेच शेरी या स्पॅनिश वाईनच्या पिंपांत मुरलेल्या व्हिस्की. ऑक्टोबरची उष्णता उन्हाळ्यातच मोजावी. दिवाळीच्या फराळासोबत जड रेड ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, पण तळणीचा वास आणि जायफळ-वेलदोडा यांपुढे ती तग धरत नाही.

नाशिक भागात द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. ताजेपणावर चालणाऱ्या व्हाइट वाईन घेताना लेबलवरील काढणीचे वर्ष पाहण्याची सवय लावावी, कारण त्या पडून सुधारत नाहीत. मुंबईच्या फळीवर दोन उन्हाळे काढलेली स्वस्त व्हाइट वाईन मी टेस्टिंगसाठी घेणार नाही, सवलत कितीही असो.

व्हिस्कीत नवख्यांसाठी भारतीय सिंगल माल्टचा, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कींचा, संच सोयीचा पडतो. गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स धूर नसलेली आहे. हरयाणाची इंद्री त्रिनी तीन प्रकारच्या पिंपांतून येते. बंगळुरूच्या अमृत फ्यूजनमध्ये भारतीय बार्लीसोबत स्कॉटलंडची पीटच्या (दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींच्या जळाऊ मातीच्या) धुरात वाळवलेली बार्ली वापरतात. पॉल जॉन बोल्ड पूर्ण धुरकट आहे. या चार बाटल्यांत एक सरळ चढण तयार होते. यांतील बाटल्यांवर वय लिहिलेले नसते, म्हणून त्या कमी प्रतीच्या समजू नयेत : स्कॉटलंडमध्ये पिंपातील मद्य वर्षाला सुमारे २ टक्के उडून जाते, तर आपल्याकडील उष्णतेत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास जाते आणि मुरण्याचा वेगही वाढतो. अठरा वर्षे थांबले तर पिंपात फारसे काही उरणारच नाही.

३. दुकानात बाटली तपासणे

दुकानात गर्दी नसते अशी वेळ निवडावी. शुक्रवारची संध्याकाळ तर मुळीच नको. दुकानदाराला बजेट, माणसांची संख्या आणि सूत्र या तीनच गोष्टी सांगाव्यात आणि वाईनचा साठा कोठे ठेवतात हे विचारावे. मुंबईतील अनेक दुकानांत व्हिस्की, रम आणि बिअरचा खप मोठा असतो आणि वाईन वरच्या फळीवर, ट्यूबलाइटशेजारी किंवा पोटमाळ्यावर उभी असते. गरम झालेला पोटमाळा हाच वाईनचा सर्वांत मोठा शत्रू आहे. वातानुकूलित कपाटातील किंवा नुकत्याच आलेल्या खोक्यातील बाटली मिळत असेल तर तीच मागावी.

बाटली हातात घेतल्यावर घाई करू नये. प्रथम मानेवरील वेष्टन अंगठ्याने फिरवून पाहावे. ते सहज फिरले तर बरे. एका जागी चिकटून बसले असेल आणि कडेला सुकलेल्या पाकासारखी तांबडी रेघ दिसत असेल, तर वाईन तापून बुचाच्या कडेने बाहेर आली आहे. नंतर वेष्टनाच्या माथ्यावर बोट फिरवावे. बूच वर सरकलेले असल्यास तेथे उंचवटा लागतो. मग बाटली उभी धरून त्याच वाईनच्या शेजारच्या बाटलीशी पातळी ताडून पाहावी. व्हाइट वाईन उजेडात धरल्यावर फिकट पिवळी किंवा हिरवट दिसावी, चहासारखी तपकिरी नव्हे. अनेक भारतीय वाईनना आता फिरकीचे झाकण असते. त्याला कमी लेखू नये. बुरशी लागलेल्या बुचाचा प्रश्नच त्यामुळे मिटतो. पावसाळ्यात लेबलवर दिसणारे बुरशीचे ठिपके मात्र दमट हवेचे असतात आणि आतल्या वाईनशी त्यांचा सहसा संबंध नसतो.

व्हिस्कीचे सील, झाकणाची घट्ट बसण आणि मानेतील पातळी पाहावी. लेबलवर ‘माल्ट’ एवढाच शब्द वाचून थांबू नये. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त मद्यांत मळीपासून काढलेले अल्कोहोल असते, आणि त्यांची सिंगल माल्टशी तुलना करणे दोन्हींवर अन्याय आहे. तीव्रताही टिपून ठेवावी : ४२.८ टक्के, ४६ टक्के, ५० टक्के. पुढे क्रम लावताना हाच आकडा लागतो.

सावधान : खरेदीनंतर बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून बाजारहाट करीत फिरू नये. एप्रिलच्या दुपारी दोन तासांत चांगली वाईन शिजते.

४. प्रमाणाचे गणित

टेस्टिंगचा घोट वाईनसाठी ५० मि.ली. आणि व्हिस्कीसाठी १५ मि.ली. धरावा. ७५० मि.ली.च्या बाटलीतून वाईनचे पंधरा घोट निघतात, तर व्हिस्कीच्या १८० मि.ली.च्या क्वार्टरमधून बारा. म्हणून दहा-बारा जणांसाठी प्रत्येक वाईनची एकच बाटली पुरे. व्हिस्कीची क्वार्टर मिळत असेल तर खंबा, म्हणजे पूर्ण बाटली, घेण्याची गरज नाही.

हे घोट लहान दिसतात, म्हणून यजमानाचा हात सैल सुटतो. आता हिशेब पाहावा. १३ टक्क्यांच्या चार वाईनचे चार घोट म्हणजे २०० मि.ली., त्यात शुद्ध अल्कोहोल २६ मि.ली. व्हिस्कीचे ४२.८ टक्क्यांचे चार घोट म्हणजे ६० मि.ली., त्यातही अल्कोहोल जवळजवळ तेवढेच. दोन्ही बाजूंनी ते दोन छोट्या पेगांइतके भरते. चार नमुने ही मर्यादा मी याच कारणाने सुचवतो; पाचव्यापासून नाक आणि निवाडा दोन्ही ढिले पडतात. ओतण्यासाठी माप हवेच. औषधाच्या बाटलीसोबत येणारे १५ मि.ली.ची खूण असलेले झाकण, वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन घेतल्यास, उत्तम काम देते.

५. खोली, ग्लास आणि तापमान

पुस्तकात रेड वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असे लिहिलेले असते. ती खोली थंड देशातील असते. आपल्या खोलीत वाईन तीस अंशांवर असते आणि त्या तापमानाला तिच्यातून फक्त अल्कोहोलची वाफ नाकात जाते. रेड १५ ते १८ अंश सेल्सिअस, व्हाइट आणि रोझे ८ ते १२, स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांवर द्यावी. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे बादलीत बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवणे : रेडसाठी दहा-बारा मिनिटे, व्हाइटसाठी वीस-पंचवीस, स्पार्कलिंगसाठी अर्धा तास. नुसत्या बर्फात बाटली सावकाश गार होते, कारण खड्यांमध्ये हवा राहते. फ्रिजचाच आधार घ्यायचा असेल तर व्हाइट सकाळीच ठेवावी आणि रेड ओतण्यापूर्वी तासभर, मे महिन्यात त्याहून थोडी अधिक वेळ. फ्रीझरमध्ये बाटली ठेवून विसरण्याचे परिणाम सांगायला नकोत.

व्हिस्की गार करायची नाही. ती एसी चालू असलेल्या खोलीच्या तापमानालाच द्यावी, आणि टेस्टिंगपुरता बर्फ टेबलावरून हटवावा. बर्फाने वास दबतो आणि चार व्हिस्की एकसारख्या लागू लागतात.

खोलीत त्या दिवशी उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉईल आणि अत्तर यांना सुट्टी द्यावी. दुपारी मासे तळले असतील तर टेस्टिंग पुढे ढकललेली बरी. पंखा थेट टेबलावर नको, कारण ग्लासातला वास तो उडवून नेतो. एसी तासभर आधी लावावा.

ग्लास पातळ, तोंडाशी निमुळते आणि बिनरंगी असावेत. प्रत्येकाला चार ग्लास देणे शक्य नसते; दोन दिले आणि मध्ये साध्या पाण्याने विसळले तरी चालते. खरी चूक ग्लास पुसण्यात होते. पावसाळ्यात नीट न वाळलेल्या फडक्याने पुसलेल्या ग्लासाला कुबट वास येतो आणि सगळेजण बुचाला दोष देतात.

तपासणी : रिकामा ग्लास नाकाशी धरावा. साबणाचा, फडक्याचा किंवा कपाटाचा कोणताही वास आला, तर गरम पाण्याने पुन्हा धुऊन उलटा न ठेवता सरळ वाळवावा.

टेबलावर पिण्याचे पाणी, थुंकण्यासाठी प्रत्येकाला एक कागदी पेला, कागद-पेन्सिल आणि तोंड कोरे करण्यासाठी साधा पाव किंवा बिनमिठाचे कुरमुरे, एवढेच असावे. थुंकण्याची आपल्याकडे लाज वाटते. यजमानाने पहिल्या नमुन्याला स्वतः थुंकून दाखवले की ती जाते. चकणा पूर्णपणे नंतर. शेवेतील तिखट, लिंबू आणि कच्चा कांदा पुढचे दोन नमुने बाद करतात.

६. क्रम लावणे आणि बाटली झाकणे

वाईनचा क्रम असा : स्पार्कलिंग, कोरडी (गोड नसलेली) व्हाइट, रोझे, हलकी रेड, जड रेड, आणि सर्वांत शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्वेस्ट. व्हिस्कीत दोन निकष एकत्र लावावे लागतात. तीव्रता कमी ते जास्त हा पहिला, धूर नसलेली ते धुरकट हा दुसरा. दोहोंत विरोध आला तर धुराचा निकष वरचढ धरावा. म्हणूनच ५० टक्क्यांची अमृत फ्यूजन तिसरी आणि ४६ टक्क्यांची बोल्ड चौथी येते. धूर एकदा जिभेवर बसला की अर्धा तास हटत नाही.

दुकानदाराने ज्या वर्तमानपत्रात बाटली गुंडाळून दिली तोच कागद तिच्याभोवती ठेवून मानेशी रबर बांधावे आणि वर १ ते ४ आकडे घालावेत. लेबल आणि किंमत दिसली की लोक वासाऐवजी किमतीवर बोलतात, मग ते कितीही जाणकार असोत. मात्र बाटल्यांच्या आकारावरून ओळख पटते, त्यामुळे शक्य असल्यास आतल्या खोलीतून ग्लास भरून आणावेत. भरणाऱ्याने ओळखण्याच्या खेळात भाग घेऊ नये.

प्रत्येक बाटली उघडल्यावर यजमानाने एक चमचाभर चाखून दोष पाहावा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या गोणपाटाचा वास म्हणजे बूच खराब. शिजवलेल्या जॅमचा वास म्हणजे वाईन तापलेली. व्हिनेगरचा वास म्हणजे संपलेलीच. अशी बाटली बाजूला ठेवून फेरी पुढे न्यावी. बिल आणि बाटली दाखवून दुकानदाराशी बोलावे, पण बाटली रिकामी करून तक्रार नेऊ नये.

७. प्रत्यक्ष चाखणे

वाईन आणि व्हिस्की यांची पद्धत एक नाही, आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. वाईनचा ग्लास एक-तृतीयांशाहून कमी भरावा, दांडीला धरून दोन-तीनदा गोल फिरवावा, नाक ग्लासात खोल घालावे. घोट तोंडात घेऊन जिभेवरून, गालांतून फिरवावा, थोडी हवा आत ओढावी आणि मग थुंकावा किंवा गिळावा. रेडमध्ये हिरड्या कोरड्या पडतात त्या टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतील तुरट घटकामुळे. त्यावरून वाईन वाईट ठरवू नये.

व्हिस्कीचा ग्लास जोराने फिरवायचा नाही, कारण अल्कोहोलची वाफ एकदम वर येऊन नाक बधिर होते. ग्लास आधी हनुवटीपाशी धरावा, तोंड किंचित उघडे ठेवून श्वास घ्यावा, मग तो हळूहळू वरच्या ओठापर्यंत आणावा. पहिला घोट थेंबभर घ्यावा. तो फक्त जिभेला जाग आणण्यासाठी असतो आणि त्यावर मत देऊ नये. दुसऱ्या घोटाला चव नोंदवावी. त्यानंतर ड्रॉपरने पाण्याचे चार-पाच थेंब घालून पुन्हा वास घ्यावा. ५० टक्क्यांच्या व्हिस्कीत हा फरक स्पष्ट कळतो. पाणी थेंबांनीच घालावे. ४६ टक्क्यांच्या १५ मि.ली.मध्ये एक चमचा म्हणजे ५ मि.ली. पाणी पडले की तीव्रता ३४.५ टक्क्यांवर येते, आणि घातलेले पाणी काढता येत नाही. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असल्यास उकळून गार केलेले पाणी वापरावे.

नोंद करताना रंग, वास, चव आणि घोट गेल्यानंतर काय उरते, या चार ओळी पुरेत. इंटरनेटवरून ब्लॅकबेरी आणि गूजबेरी उसनी आणू नयेत. शिराझमध्ये जांभूळ आणि काळी मिरी सापडते, सोव्हिन्यो ब्लांमध्ये पेरू आणि ढोबळी मिरची, शेरीच्या पिंपातील व्हिस्कीत खारीक आणि मनुका. धुरकट व्हिस्कीला चौपाटीवर निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाचा वास लागला, तर तेच लिहावे. सर्वांनी लिहून झाल्याशिवाय कोणी बोलू नये, आणि ज्याला अधिक कळते त्याने शेवटी बोलावे. एकाने ‘व्हॅनिला’ म्हटले की उरलेल्या नऊ जणांना व्हॅनिलाच येतो.

दोन नमुन्यांमध्ये दहा मिनिटे ठेवावीत. नाक थकले असे वाटल्यास स्वतःच्याच मनगटाचा वास घ्यावा. कॉफीच्या बिया हुंगण्याची पद्धत मला पटत नाही. एका तीव्र वासावर दुसरा तीव्र वास चढतो, एवढेच.

सावधान : गरोदर स्त्रिया, मेट्रोनिडाझोलसारखी औषधे घेणारे आणि मद्य सोडलेले यांना ‘फक्त घोटभर’ असा आग्रह करू नये.

८. कागद उलगडल्यानंतर

चारही नमुन्यांना प्रत्येकाने क्रम दिला की मगच कागद काढावेत, आधी बाटलीचे नाव आणि शेवटी किंमत सांगावी. आता चकणा आणि जेवण आणावे. उरलेल्या बाटल्या पुन्हा जेवणाबरोबर चाखल्यास काही मते उलटतात. गोडसर शेनिन ब्लां तिखट कोळंबीसोबत अचानक वर जाते, तर काबेर्ने कडवट लागते. ही दुसरी नोंद पहिलीइतकीच कामाची असते.

परतीची व्यवस्था आमंत्रणातच लिहिलेली असावी. वाहन चालवताना रक्तातील अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मि.ली.मागे ३० मि.ग्रॅ. आहे, दोन पेगांनंतर ती ओलांडली नसेल असा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. नाकाबंदी असो वा नसो, रिक्षा, टॅक्सी किंवा शेवटच्या लोकलची वेळ यांवरच बेत आखावा. थुंकणाऱ्यांनाही यात सूट नाही.

उरलेली वाईन, रेडसुद्धा, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. त्यानंतर ती स्वयंपाकात वापरावी. व्हिस्कीची बाटली उभीच ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास तीव्र मद्य बूच खाते. ती उन्हापासून दूर असावी. बाटली अर्ध्याहून रिकामी झाल्यावर लहान बाटलीत ओतून ठेवली तर पुढील पावसाळ्यापर्यंत टिकते. नोंदींच्या कागदांचा फोटो काढून दुकानदाराला दाखवावा. कोणती बाटली कोणाला का आवडली हे कळले, की पुढच्या हंगामात तो स्वतःहून नवे खोके आल्याचा फोन करतो.